पायऱ्यांचं उद्यान

आमच्या वसाहतीच्या मागे एक तलाई आहे. जयपुरात छोट्या तलावाला तलाई म्हणतात. श्रावणात तिच्यात पाणी येतं आणि दिवाळीच्या आत निघून जातं. झोटवाड्याकडून येणाऱ्या नाल्यालाही कुठे तरी जायचं असतं, म्हणून तोही तिच्यातच येतो. उरलेलं वर्ष तिथे क्रिकेट चालतं आणि म्हशी बसतात. काही वर्षांपूर्वी त्या तलाईच्या कडेला एक मोठा फलक लागला. फलकावर निळंशार पाणी होतं, पाण्यात होड्या होत्या, आणि काठावरून एक गोरी बाई सोनेरी केसांचा कुत्रा घेऊन पळत होती. आमच्या ओळखीचं त्या चित्रात कुणीच नव्हतं. म्हशीसुद्धा नव्हत्या.

फलकावर इंग्रजीत लिहिलं होतं, वॉटरफ्रंट पार्क. खाली हिंदीत सोयींची यादी होती: नौकाविहार, योगचबुतरा, खुली व्यायामशाळा, पिकलबॉल, सेल्फी पॉइंट, खाद्यदालनं. ज्या खात्याने हे केलं त्याचं नाव लिहीत नाही. कोणत्याही खात्याचं लिहिलं असतं तरी शोभलं असतं.

मी एका शाळेचं कार्यालय सांभाळते. कोणत्या बसने कुठल्या गल्लीत वळायचं, पालकसभेला खुर्च्या कुणी लावायच्या आणि नंतर कुणी उचलायच्या, हे ठरवण्यात माझी अर्धी हयात गेली. त्यामुळे अर्धवट योजना मला लांबून ओळखू येते. ज्या योजनेत कारंजं कुठे ते पक्कं असतं आणि प्रसाधनगृहाचं पाणी कुठे जाणार ते 'बाद में देखेंगे' असतं, ती अर्धवट. ही तशीच होती. मी एरवी नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण तलाईच्या पाळीवर माझा नवरा चालायला जात असे.

आम्ही मूळचे भुसावळकडचे. नवरा रेल्वेत होता, बदलीने जयपूरला आला, मुलगी इथेच शिकली आणि आम्ही वैशाली नगरच्या पलीकडे घर बांधून राहिलो. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, डावा हात-पाय लुळा पडला. हात बराचसा परत आला, पाय मात्र आजही फरफटतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की रोज सपाट जमिनीवर चालायचं, एक दिवसही चुकवायचं नाही, पायऱ्यांच्या वाट्याला जायचं नाही. आता आमच्या वसाहतीत सपाट जमीन शोधा. रस्त्यावर दर दोन घरांमागे स्वतःच्या हाताने घातलेला गतिरोधक, फुटपाथवर गाड्या, गाड्यांखाली कुत्री. तलाईच्या काठाची मातीची जुनी पाळ तेवढी सपाट होती. गल्लीच्या टोकाला, रस्त्याशी अगदी समतल. तो काठी घेऊन एकटा निघायचा, एक फेरी मारायचा आणि एकटा परत यायचा. 'एकटा' हा त्यातला महत्त्वाचा शब्द. आंघोळीला, बुटांना, जिन्याला, सगळीकडे त्याला माझा हात लागे. पाळीवर लागत नसे.

नकाशा पाहायला मी रजा टाकून खात्याच्या कार्यालयात गेले. नकाशा काढणारा सल्लागार दिल्लीकडचा होता, तरुण, लॅपटॉपवर बोटं नाचवणारा. पाळीच्या जागी त्याने गुलाबी दगडाच्या पायऱ्या दाखवल्या होत्या. चारही बाजूंनी पायऱ्या. गल्लीकडून पाच-सहा चढायच्या, वर चालायची वाट, आणि पलीकडे पाण्याच्या दिशेने उतरायच्या. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅम, हेरिटेज लुक है." मी म्हटलं, चालायला येणार ती म्हातारी माणसं, त्यांना लुकचं काय करायचंय? यावर त्याने नकाशाच्या एका कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह दाखवलं. उतार आहे, म्हणाला, दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात नौकाविहार होता. नऊ महिने कोरड्या असणाऱ्या तलाईत आधी होडी आणि मग माणूस, असा तो क्रम.

पुढच्या महिन्यात जनसुनवाई ठेवली होती. म्हणजे नागरिकांनी येऊन बोलायचं आणि खात्याने ऐकायचं. आमच्या महाराष्ट्र मंडळाची मी बैठक बोलावली. मंडळात बँकेतले, विम्यातले, रेल्वेतले असे बदलीवर आलेले किंवा निवृत्त होऊन इथेच राहिलेले लोक आहेत. गुडघे सगळ्यांचेच गेलेले. त्यामुळे मागणीवर एकमत व्हायला वेळ लागला नाही: गल्लीच्या बाजूला एक उतार हवा, त्याला कठडा हवा, आणि तो पहिल्या टप्प्यात हवा. एका वाक्याची मागणी. ते वाक्य मी बोलले असते. पण अध्यक्ष म्हणाले की समाजाच्या वतीने बोलायचं तर कुणीतरी वजनदार हवं, आणि सगळ्यांनी अध्यक्षांकडेच पाहिलं.

अध्यक्ष विमा क्षेत्रातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. त्यांचं हिंदी शुद्ध आहे, आवाज भारदस्त आहे, माणूस सज्जन आहे. पण आमच्या मंडळाला एक जुनं दुखणं आहे. आभारप्रदर्शन. कार्यक्रम तासाभराचा असला तर आभार अर्ध्या तासाचे. सतरंजीवाल्यापासून सरस्वतीपर्यंत सगळ्यांचे आभार मानल्याशिवाय कुणाचं तोंड मिटत नाही. आयुष्यभर वरिष्ठांसमोर उभं राहून नोकऱ्या केलेली ही माणसं. 'सर्वप्रथम' म्हटल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा मागता येत नाही. मी साहेबांना दोनदा सांगितलं की मागणी आधी, आभार नंतर. ते म्हणाले, "वहिनी, सभेची एक रीत असते."

सुनवाई सामुदायिक भवनात होती. व्यासपीठावर खात्याचे अभियंते बसले होते, शेजारी तो सल्लागार. आधी त्यांना साफे बांधण्यात आले. साफा बांधणाराने एकेका डोक्यावर चांगला वेळ घेतला, आणि तो वेळ नागरिकांच्या वाट्याचा होता. मग सूत्रसंचालकाने जाहीर केलं की प्रत्येक समाजातर्फे एकच जण बोलेल आणि थोडक्यात बोलेल. साहेब उठले. कोटाची बटणं लावली. माईक जवळ ओढला.

सर्वप्रथम त्यांनी अभियंत्यांचे आभार मानले. मग सल्लागाराचे, त्याच्या कल्पकतेचे. मग खात्याचे, की त्यांनी तलाईसारख्या उपेक्षित स्थळाकडे लक्ष दिलं. मग भवनाच्या व्यवस्थापकाचे. मग राजपुताना आणि महाराष्ट्र यांच्या शतकांच्या स्नेहसंबंधांचा उल्लेख झाला. हे संबंध कसे होते ते इथल्या शाळेत इतिहास शिकलेल्या कोणत्याही पोराला विचारावं. मराठे जयपूरला काय मागायला येत असत ते तो सांगेल. मी दुसऱ्या रांगेतून हाताने चढाची खूण करत होते. साहेबांना वाटलं मी आवाज चढवायला सांगतेय. त्यांनी आवाज चढवला. "ऐसे भव्य प्रकल्प का महाराष्ट्र समाज हृदय से स्वागत करता है," असं ते म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात टाळ्या झाल्या. अभियंत्यांनी हात जोडले, कुणीतरी साहेबांच्या खांद्यावर शाल टाकली, आणि शाल अंगावर आल्यावर आमचा माणूस खाली बसतो. पन्नास वर्षांची सवय. तो बसला.

मी उभी राहिले. सूत्रसंचालक म्हणाला, "भाभीजी, आपके समाज का तो हो गया. समर्थन लिख लिया है."

मी तरी बोलले. उतार, कठडा, पहिला टप्पा, एवढंच. माईक बंद होता. अभियंत्यांनी मान डोलावली, हसले आणि पुढच्या समाजाला बोलावलं. बाहेर आल्यावर साहेबांच्या अंगावर शाल होती आणि चेहरा पडला होता. मुद्द्यावर मी येतच होतो, म्हणाले. नवरा भवनाबाहेर गाडीत बसला होता, कारण भवनालाही पायऱ्या आहेत. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपणच स्वागत केलं?" मी म्हटलं, हो, हृदयापासून. त्याला हसू आलं. मला आलं नाही.

महिनाभरात तलाईभोवती निळे पत्रे ठोकले गेले आणि पाळ बंद झाली. ते काम किती चाललं विचारू नका. त्या काळात तो घरातल्या बोळातून फेऱ्या मारायचा, न्हाणीघरापासून देवघरापर्यंत. मग त्या कमी झाल्या. मी शाळेतून लवकर निघून त्याला गाडीने वैशाली नगरातल्या एका बागेत नेऊ लागले. तिथे गाडी लावायला जागा नाही, बागेत व्हॉलीबॉल, वाटेवर पोरांच्या सायकली. दोन-तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "मला पार्सलसारखं नेऊन पोचवू नकोस." त्यानंतर गेला नाही. खुर्चीत बसून राहू लागला. व्यायामाच्या बाई आल्या, पाय हलवून बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या की हा असाच राहिला तर वर्षभरात काठीचा वॉकर होईल आणि मग वॉकरची खुर्ची. त्याच्यासमोरच म्हणाल्या. तो खिडकीबाहेर पत्र्यांकडे बघत होता.

मी खात्यात जात राहिले. दरवेळी अभियंते चहा पाजत. एकदा म्हणाले, दुसऱ्या टप्प्याची फाइल चालू आहे. एकदा म्हणाले, फाइल वर गेली आहे. एकदा फारच प्रेमाने म्हणाले की भाईसाहेबांना चार माणसं लावून रोज वर चढवून देऊ, काय त्यात. ही चार माणसं रोज पहाटे कुठून येणार होती ते त्यांनी सांगितलं नाही. लोकांसाठी बाग करणाऱ्या माणसाच्या डोक्यात लोक कसे असतात हे मला त्या दिवशी कळलं. धडधाकट असतात, नाहीतर कुणीतरी उचलून आणलेले असतात.

उद्घाटन ठरलं ते देवउठनीनंतरच्या, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतरच्या, लग्नसराईत. पत्रे निघाले आणि गुलाबी पायऱ्या दिसल्या. दिसायला सुबक होत्या हे मान्य. कठडा नव्हता, दगड पॉलिश केलेला होता, धडधाकट माणूसही पावसात घसरेल असा. तलाई अर्थातच कोरडी होती. नौकाविहाराचा धक्का चिखलात उभा होता. सकाळपासून टँकर येऊन पाणी ओतत होते आणि माती ते पीत होती. दुपारपर्यंत धक्क्याखाली एक डबकं झालं, त्यात हंसाच्या आकाराची पायडलवाली होडी आणून ठेवली. हंस एका बाजूला कलला होता.

आणि गल्लीच्या तोंडाशी, पायऱ्यांवर, मांडववाल्याची माणसं फळ्या ठोकत होती. मी शाळेतून परतत होते. थांबून विचारलं, हे काय? मांडववाला म्हणाला, चीफ गेस्ट साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते पायऱ्या चढत नाहीत.

रस्त्यापासून वरपर्यंत लांब उतार. फळ्यांवर लाल गालिचा. दोन्ही बाजूंना बांबूचा कठडा, त्याला गुलाबी कापड आणि झेंडूच्या माळा. मागे अर्ज नाही, फाइल नाही, टप्पा नाही. एका दुपारात तयार.

घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, चला. त्याने कारण विचारलं नाही, बूट पुढे केले.

प्रमुख पाहुणे उशिरा आले, गालिच्यावरून वर गेले, फीत कापली, साफा बांधून घेतला, हंसाकडे हात दाखवून फोटो काढून घेतला आणि उतरून निघून गेले. भाषणात म्हणाले की हे उद्यान जनतेचं आहे. गर्दी समोशांच्या टेबलाकडे वळली. तेव्हा नवरा पुढे झाला. उजव्या हातात काठी, डावा हात झेंडूच्या कठड्यावर. मी मागे होते. तो वर चढला, वरच्या वाटेवर पोचला आणि चालायला लागला. वाट चांगली केली होती, तेवढं म्हणायलाच हवं. किती महिन्यांनी त्याने अख्खी फेरी मारली. हळू, थांबत, एकटा. संपवून समोरच्या बाकावर बसला आणि घाम पुसला.

इकडे मांडववाल्याची माणसं कापड सोडू लागली होती. मांडववाला स्वतः आला, हातात फोन, चेहरा कावलेला. त्याला संध्याकाळी चौमू गावात लग्नाचं स्टेज उभं करायचं होतं आणि ह्याच फळ्या तिकडे लागणार होत्या. त्याने नवऱ्याला हाक मारली. "अंकलजी, नीचे आ जाओ. हमको निकलना है."

नवरा म्हणाला, "तुम निकलो."

"अरे, आपके लिए ही रुके हैं. बाद में उतरोगे कैसे?"

"वही तो मैं भी पूछ रहा हूँ. कल चढूँगा कैसे?"

मांडववाल्याला हे आपलं काम वाटलं नाही, आणि ते नव्हतंच. त्याने दोन माणसं पुढे केली, खुर्चीत बसवून, उचलून खाली आणतो म्हणाला. नवऱ्याने काठी आडवी धरली. आवाज चढवला नाही. उचलून येणार नाही, म्हणाला. चालत आलो, चालत जाईन, आणि उद्या परत चालत येता येईल असं काही झाल्याशिवाय उठणार नाही. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याला कुठल्या कार्यालयात भांडताना पाहिलं नव्हतं. भांडणं माझ्याकडे असत.

अभियंते समोशाची बशी घेऊन आले. परिस्थिती बघून बशी सल्लागाराच्या हातात दिली. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "भाभीजी, समझाइए इनको. अच्छा नहीं लगता." मी जाऊन नवऱ्याशेजारी बाकावर बसले. एवढीच समजूत मला घालता आली.

मग गर्दी जमली. आमच्या गल्लीतल्या एक आजी आल्या, खालूनच विचारू लागल्या की गालिचा काढला तर मी कशी यायची. मंडळातले दोन-चार जण आले. साहेबही आले. मला धसका बसला की आता हे सर्वप्रथम म्हणणार. पण ते माईककडे वळलेच नाहीत. पायऱ्यांवर गेले आणि फळ्यांच्या मधोमध कोट सावरून बसले. वजनदार माणूस, मांडववाल्याच्या पोरांना फळी हलवता येईना.

मांडववाला अभियंत्यांवर उखडला. "साहब, वहाँ बारात खड़ी हो जाएगी. आप कुछ करो." अभियंते म्हणाले, लेखी द्या, सोमवारी बघतो. मी बसल्या जागेवरून म्हटलं, लेखी मी दोन वर्षं देतेय. प्रसाधनगृहाच्या मागे बांधकामाचा मलबा पडलाय, गवंडी अजून इथेच आहेत, सिमेंटच्या गोण्या उरल्यात. पायऱ्यांच्या ह्या टोकाला तो मलबा ओता, दाबा आणि वर गिलावा करा. अभियंते कळवळले. पायऱ्यांचा लुक बिघडेल, म्हणाले. सल्लागाराने तर डोळेच मिटले.

मांडववाल्याने लुकबद्दल जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. पण तो बरोबर बोलला.

अभियंत्यांनी फोन लावला, लांब जाऊन बोलले, परत आले आणि गवंड्यांना हाक मारली. पहिली पाटी पडली तेव्हा नवरा उठला नाही. दुसरी, तिसरी पडली. पायऱ्यांची कड गाडली गेल्यावर तो उठला, फळ्यांवरून खाली उतरला, आणि साहेबांनी उठून त्याला वाट दिली. मांडववाला त्याच्यामागून गालिचा गुंडाळतच आला.

त्या गुलाबी दगडाच्या टोकाला आज एक राखाडी, ओबडधोबड उतार आहे. दिसायला घाण आहे. सगळी वसाहत त्यावरूनच येते-जाते. बाबागाड्या, दूधवाले, गुडघे गेलेले आणि न गेलेलेही. पायऱ्यांवर फक्त फोटो काढणारे बसतात. दुसरा टप्पा आलेला नाही. हंस पावसाळ्यात तरंगतो म्हणतात, मी पाहिलेला नाही.

सिमेंट वाळायला दोन दिवस दिले आणि तिसऱ्या सकाळी नवऱ्याबरोबर गेले. कठडा अजून नव्हता. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले, हात पुढे धरून, पडला तर सावरायला. त्याने काठी उतारावर टेकून पाहिली, जरा दाबली.

"चढ जास्त ठेवलाय," तो म्हणाला. "रेल्वेत असा चालला नसता." मग माझ्या हाताकडे पाहिलं. "तू हो बाजूला."

मी बाजूला झाले.